शिंपल्यातले पाणी

आपल्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघराचा इतिहास कुणी लिहायला घेतलाच, तर त्यात पास्त्यासाठी एक छोटेसे प्रकरण राखून ठेवावे लागेल. इडली-डोसा आपल्या घरात आला तो उडप्याच्या हॉटेलातून, छोले आणि पनीर आले ते लग्नाच्या पंगतीतून, चायनीज आले ते नाक्यावरच्या गाडीवरून. पास्ता मात्र आला तो पाकिटातून, मुलांच्या डब्याचे निमित्त करून. त्याचे जे रूप आपल्याकडे रुळले ते सर्वांच्या परिचयाचे आहे. मैद्याचा पांढरा सॉस, मक्याचे दाणे, ढोबळी मिरची, वरून किसलेले चीज आणि पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्यांतला मसाला. या पदार्थाला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. नातवंडे तो चाटूनपुसून खातात आणि आजी-आजोबांना तेवढे समाधान पुरते. परंतु हाच इटलीचा स्वयंपाक अशी समजूत घेऊन एक पिढी मोठी झाली आहे, आणि ती मला खटकते. कमीत भागवणे हा त्या स्वयंपाकाचा खरा गुण, आणि नेमका तोच या पांढऱ्या सॉसखाली झाकला गेला आहे.

तो गुण पाहायचा असेल तर नेपल्सच्या एका पदार्थाकडे वळावे. त्याचे नाव ‘स्पगेटी आल्ले वोंगोले’. वोंगोले म्हणजे शिंपल्या; आपण गावाप्रमाणे आणि जातीप्रमाणे ज्यांना तिसऱ्या, शिवल्या, मुळे, खुबे म्हणतो त्यांचीच भावंडे. या पदार्थाचे जिन्नस मोजायला एका हाताची बोटे पुरतात : स्पगेटी, शिंपल्या, लसूण, ऑलिव्ह तेल आणि पार्सलीची पाने. सहावी आली तर सुकी लाल मिरची, तीही चिमूटभर. नेपल्समध्ये २४ डिसेंबरच्या रात्री, नाताळच्या आदल्या दिवशी, घरोघरी हे पान वाढले जाते. त्या रात्री मांस वर्ज्य करण्याचा जुना रिवाज आहे, म्हणून समुद्राकडे वळायचे. वर्षातल्या सर्वांत मोठ्या सणाच्या रात्री पानात काय, तर शेवया आणि शिंपल्या! सणाच्या स्वयंपाकाची आपली कल्पना पंचपक्वान्नांची. म्हणून हा साधेपणा आधी आपल्याला गरिबीसारखा वाटतो. तो काही अंशी गरिबीतून आला आहे हेही खरे. परंतु आज पैसा असलेली माणसेही तो तसाच ठेवतात, ही लक्षात घेण्याची गोष्ट आहे.

आमच्या घरी हा पदार्थ मी करतो. बँकेतली नोकरी संपल्यावर कादंबरीसाठी वेळच वेळ मिळेल असे वाटले होते. मिळाला, पण त्यातला काही स्वयंपाकघराने मागून घेतला. माझी पत्नी मालवणची. तिसऱ्यांचे एकशिपी ती ज्या हाताने करते, त्या हातापुढे मी काही बोलावे असे नाही. मी प्रथम ही स्पगेटी करायला घेतली तेव्हा ओट्यावरचे जिन्नस पाहून ती म्हणाली, “अहो, खोबरं नाही, आमसूल नाही, कांदासुद्धा नाही. मग यात आहे काय?” मी म्हटले, “अगं, पाणी आहे.” ती हसली, पण ते उत्तर विनोदाचे नव्हते. हा पदार्थ खरोखर पाण्याचाच आहे. एक शिंपल्यातले पाणी आणि दुसरे स्पगेटी शिजवलेले पाणी. ही दोन पाणी आणि थोडे तेल एकत्र नांदली, की झाला पदार्थ. बाकी सारे त्यांच्या सेवेला.

आता थोडे कृतीकडे. चार माणसांसाठी साधारण एक किलो शिंपल्या आणि साडेतीनशे ग्रॅम स्पगेटी घ्यावी. शिंपल्या जिवंत हव्यात, हे पहिले आणि शेवटचे कलम. तोंड उघडे असलेल्या शिंपल्यावर टिचकी मारून पाहावी. जिवंत असेल तर तो हळूहळू मिटतो. मिटला नाही तर सरळ फेकावा. फुटलेले कवचही ठेवू नये. नंतर प्रश्न येतो वाळूचा. शिंपला चिखलात आणि वाळूत राहतो, पाणी आत ओढून त्यातले सूक्ष्म अन्न गाळून घेतो आणि उरलेले बाहेर सोडतो. हेच त्याचे जेवण आणि हाच त्याचा श्वास. म्हणून त्याच्या पोटातली वाळू काढायची तर त्याला पुन्हा श्वास घेऊ द्यावा लागतो. नळाच्या गोड्या पाण्यात तो तोंड मिटून बसतो आणि फार वेळ ठेवला तर मरतो. त्यासाठी मिठाचे पाणी करावे, लिटरला दोन मोठे चमचे मीठ, म्हणजे समुद्राच्या जवळपास खारट. त्यात शिंपल्या दोन-तीन तास अंधारात ठेवाव्यात. भांड्याच्या तळाला चाळणी उपडी घालून तिच्यावर ठेवल्या तर सोडलेली वाळू खाली बसते आणि त्या ती पुन्हा ओढून घेत नाहीत. मग स्वच्छ पाण्याखाली चोळून धुवाव्यात.

आपल्या कोकणी घरांत शिंपल्या विळीवर उघडतात. कवचाच्या फटीत विळीचे पाते शिरते, शिंपला उघडतो आणि आतले पाणी खालच्या वाडग्यात पडते. हे पाणी जाणती सुगरण टाकत नाही. वरचे निवळ काढून घेते आणि एकशिपीत घालते. इटालियन बाई हेच काम विळीऐवजी वाफेवर सोपवते. पसरट भांड्यात चार-पाच चमचे ऑलिव्ह तेल, त्यात ठेचलेल्या तीन-चार लसूण पाकळ्या आणि मिरचीचा तुकडा. लसूण सोनेरी झाली की थांबायचे, तांबूस होऊ द्यायची नाही. करपलेल्या लसणीचा कडूपणा पुढे कशानेही जात नाही. मग शिंपल्या घालून आच मोठी करायची आणि झाकण ठेवायचे. कुणी या वेळी अर्धी वाटी पांढरी वाइन घालतात. घरात चालत नसेल तर पाण्याचा एक हबका पुरतो. दोन्ही शिंपा घट्ट धरून ठेवणारे स्नायू उष्णतेने सुटतात आणि बिजागरीतल्या लवचिक बंधामुळे कवच आपोआप उघडते. तीन-चार मिनिटांत भांड्यातून टकटक असा आवाज येऊ लागतो. उघडलेल्या शिंपल्या लगेच बाहेर काढाव्यात. त्या आणखी शिजल्या तर रबरासारख्या होतात. शेवटपर्यंत न उघडलेल्या टाकून द्याव्यात, तिथे दया दाखवू नये. भांड्यात जे राखाडी, किंचित दुधाळ पाणी उरते ते मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यावे. बाजारात कोणत्याही भावाने हे विकत मिळत नाही.

दुसऱ्या शेगडीवर तोवर स्पगेटीचे पाणी उकळत असावे. इटालियन घरांत त्याचा हिशेब आमच्या बँकेतल्या कोष्टकासारखा सुटसुटीत आहे : एक, दहा, शंभर. एक लिटर पाणी, दहा ग्रॅम मीठ, शंभर ग्रॅम पास्ता. या पदार्थाला मात्र मीठ थोडे कमीच घालावे, कारण शिंपल्यातले पाणी समुद्राचे आहे. स्पगेटी पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधीच काढावी. ती ‘आल देन्ते’, म्हणजे दाताला लागेल अशी हवी, हे आता पुष्कळांना ठाऊक असते. पण पुढची दोन मिनिटे कशासाठी, हे सहसा कुणी सांगत नाही. ती दोन मिनिटे शिंपल्यांच्या पाण्यात शिजण्यासाठी असतात. अर्धकच्ची स्पगेटी त्या गाळलेल्या पाण्यात आणि तेलात टाकून, तिचे स्वतःचे पाणी पळीभर घालत, मोठ्या आचेवर सतत हलवत राहायचे. आपण कढी फुटू नये म्हणून तिला डाळीचे पीठ लावतो. इथे तेच काम स्पगेटीतून सुटलेले पीठ करते. त्याच्यामुळे तेल आणि पाणी वेगळे राहत नाहीत, त्यांचा दाटसर, चकचकीत रस होतो आणि तो प्रत्येक धाग्याला धरून बसतो. पांढऱ्या सॉसमध्ये मैदा, लोणी आणि दूध खर्चून जे साधतो, ते इथे फुकटच्या पाण्याने साधते. शेवटी शिंपल्या पुन्हा आत, बारीक चिरलेली पार्सली वरून, आणि लगेच पानात. काही कवचे तशीच ठेवावीत. एकशिपीत एक शिंप ठेवतात ती उगाच नव्हे. जेवणाऱ्याला आपण काय खातो आहोत ते दिसले पाहिजे.

चीज नाही. इटलीत माशा-शिंपल्यांवर चीज घालणे अशिष्ट मानतात. त्यामागे केवळ सोवळे नाही, तर्कही आहे. चीज हा मोठ्या आवाजाचा गडी. तो बोलू लागला की शिंपल्याचे कुणाला ऐकू येत नाही.

इथपर्यंत वाचून कुणी वाचक विचारील की, आपल्याकडे एकशिपी असताना, तिसऱ्यांचे सुके असताना, हा परदेशी खटाटोप हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की दुसऱ्याचा एक पदार्थ त्याच्या शिस्तीने करून पाहिला की आपलाच पदार्थ नव्याने दिसू लागतो. वाडग्यातले ते पाणी पत्नी जपून ठेवते हे मी कित्येक वर्षे पाहत होतो. ते ती का जपते याचा विचार नेपल्सच्या या पदार्थाने करायला लावला. दोन्ही किनाऱ्यांवरच्या बायकांना, एकमेकींची गाठ न पडता, एकच गोष्ट उमगली होती. नंतर वाटा वेगळ्या झाल्या. आपण त्या पाण्याला खोबऱ्याची आणि आमसुलाची सोबत दिली, त्यांनी तेलाची आणि गव्हाची. गहूसुद्धा परका नाही. इटलीत सुका पास्ता ड्युरम नावाच्या कठीण गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे असा १९६७ साली कायदा झाला. त्याच जातकुळीचा बन्सी गहू आपल्या शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे, आणि आपल्या आज्या त्याच्याच रव्याच्या शेवया उन्हाळ्यात खाटेवर वाळवीत. चांगली शेवई शिजल्यावर मोडत नाही आणि चांगली स्पगेटीही मोडत नाही, याचे कारण एकच.

मग ‘अस्सल’ म्हणजे काय? सध्या या शब्दाचा बाजार फार तेजीत आहे. अस्सल मालवणी, अस्सल कोल्हापुरी, अस्सल इटालियन अशा पाट्या गल्लोगल्ली दिसतात. या पदार्थाने मला या शब्दाविषयी थोडे सावध केले. मिरची घ्या. ती अमेरिका खंडातून आली. नेपल्सच्याही स्वयंपाकात आली आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडेही. टोमॅटो तिकडचाच. नेपल्सच्या इप्पोलितो कावालकान्ती यांच्या पाकपुस्तकाच्या १८३९च्या आवृत्तीत टोमॅटो घातलेल्या शेवयांची कृती आहे; पण टोमॅटोची रोपे युरोपात त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षे होती. तो परका पाहुणा घरचा व्हायला इतका काळ गेला. आजही वोंगोलेत टोमॅटो घालावा की नाही यावर नेपल्समध्ये दोन तट आहेत, पांढरा आणि तांबडा, आणि दोन्ही तटांचे लोक स्वतःलाच अस्सल म्हणवतात.

खरी गंमत शिंपल्याचीच आहे. इटलीत सर्वांत मानाच्या शिंपल्याला ‘वोंगोला वेराचे’ म्हणतात. वेराचे म्हणजे खरा, अस्सल. परंतु आज तिथल्या बाजारात या नावाने जो शिंपला विकला जातो, त्यातला बहुतेक मूळचा इटलीचा नाहीच. तो आशियातला, पॅसिफिक किनाऱ्यावरचा, ‘मनिला क्लॅम’ म्हणून ओळखला जाणारा. १९८३ साली तो व्हेनिसच्या खाजणात मुद्दाम आणून सोडण्यात आला, कारण तो स्थानिक जातीपेक्षा लवकर वाढतो आणि अधिक काटक आहे. थोड्याच वर्षांत तो पो नदीच्या मुखाशी, गोरो आणि स्कार्दोवारीच्या उथळ खाड्यांत पसरला, त्याची शेती सुरू झाली, आणि इटली शिंपल्यांच्या उत्पादनात युरोपात अग्रेसर ठरला. म्हणजे नाव अस्सल, पदार्थ अस्सल, आणि शिंपला आपल्याच खंडातून गेलेला! यावर हसावे असे वाटते, पण हसून भागत नाही. जिन्नस कुठून आला यावरून पदार्थाचे अस्सलपण ठरत नाही, एवढे यातून निश्चित होते. ते ठरते दोन गोष्टींवरून : करणाराने राखलेला संयम, आणि ज्या पाण्यात तो जीव वाढला त्या पाण्याची जात.

हे दुसरे कलम किती खरे आहे, ते २०२३ साली इटलीला कळले. त्या वर्षी पो नदीच्या मुखाशी निळ्या खेकड्यांची धाड आली. हा खेकडा अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचा. जहाजांचा तोल राखण्यासाठी त्यांच्या पोटात भरलेल्या पाण्यातून तो भूमध्य समुद्रात आला असावा, असे मानतात. कित्येक दशके तो तिथे तुरळक होता. मग समुद्र तापला, हिवाळे सौम्य झाले आणि त्याची संख्या एकाएकी वाढली. एक मादी एका वेळी वीस लाखांपर्यंत अंडी घालते, आणि शिंपल्याचे कवच फोडण्यात या खेकड्याचा हात धरणारा दुसरा नाही. गोरोची शिंपल्यांची शेती काही महिन्यांत उजाड झाली. इटलीच्या सरकारने त्या ऑगस्टमध्ये २९ लाख युरोंची तरतूद केली, खेकडे पकडा आणि खा अशी मोहीम निघाली, हॉटेलांतून खेकड्याचा पास्ता वाढला जाऊ लागला. पण खेकडे खाऊन संपत नव्हते आणि शिंपल्या परत येत नव्हत्या.

पस्तीस वर्षे कर्जाची प्रकरणे वाचलेल्या माणसाला या बातम्यांत एक तपशील ठळक दिसतो. खेकड्याने मोठ्या शिंपल्या तर खाल्ल्याच, पण त्याने आधी फडशा पाडला तो कोवळ्या शिंपल्यांचा, बियाण्याचा. शिंपल्याला बाजारात जाण्याजोगे व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते. तिथली मंडळी खाडीच्या तळाशी हे बारीक बी पेरतात आणि वाट पाहतात. व्यवसाय बहुतांशी सहकारी संस्थांचा. आपल्या उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल. मोठा माल गेला तर त्या वर्षीचे उत्पन्न बुडते. बी गेले तर मुद्दल बुडते. व्याज बुडालेले खाते सावरता येते, मुदत वाढवून देता येते, हप्ते पाडून देता येतात. मुद्दलच खाल्ले गेले की बँकेच्या भाषेत त्या खात्याला जे नाव आहे ते इथे उच्चारत नाही. गोरोत शेकडो कुटुंबे अशा खात्यांवर उभी होती.

आणि इथे मला रत्नागिरी आठवते. १९८९ ते १९९२ मी तिथल्या शाखेत होतो. भाट्याच्या पुलावरून ओहोटीच्या वेळी खाली पाहिले की काजळी नदीच्या मुखाशी गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका दिसत. पायाच्या अंगठ्याने वाळू चाचपीत, हाताने उकरीत त्या मुळे गोळा करीत आणि भरती यायच्या आत टोपली भरून बाहेर पडत. आमच्या शाखेने तेव्हा होड्यांना कर्जे दिली, इंजिनांना दिली, जाळ्यांना दिली, आंब्याच्या कलमांना दिली. या बायकांपैकी कुणी कधी कर्ज मागायला आली नाही. एकदा कामानिमित्त शाखेत आलेल्या त्यांच्यातल्या एकीला मी विचारले, “मावशी, तुम्हाला धंद्याला काही लागत नाही का?” ती म्हणाली, “आमका काय लागता साहेब? खाडी हाय ना.” तिचे भांडवल खाडीत ठेवलेले होते, रोज सहा तासांनी दार उघडणाऱ्या तिजोरीत. तिला कागदपत्र नव्हते, जामीनदार नव्हता, आणि आमच्या कोणत्याही नोंदवहीत त्या भांडवलाची नोंद नव्हती. ज्याची नोंद नाही ते बुडाले तरी कुणाच्या खात्यावर दिसत नाही, हीच त्यातली भीती आहे.

ते बुडण्याची कारणे आपल्याकडे खेकड्याइतकी परकी नाहीत. खाड्यांतून वाळू उपसली जाते तेव्हा तिच्याबरोबर शिंपल्यांचे घरही उपसले जाते. शहरांचे सांडपाणी खाडीत सोडले जाते, आणि शिंपला, वर सांगितल्याप्रमाणे, पाणी गाळून जगणारा प्राणी. पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात साठते आणि तिथून आपल्या पानात येते. आज शहरात शिंपल्या घेताना मन साशंक होते ते याच कारणाने. एकशिपी असो वा स्पगेटी, घाणेरड्या पाण्यातल्या शिंपल्याला जगातला कोणताही मसाला सुधारू शकत नाही. नेपल्सचा पदार्थ तर या बाबतीत अधिक निष्ठुर. तो काहीच झाकत नाही. त्यात लपायला खोबरे नाही.

पण हे चित्र केवळ काळेच आहे असे मात्र नाही. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाची विस्तीर्ण खाडी आहे. गोव्यात जिला तिसरी म्हणतात, तीच जात तिथे गोळा केली जाते. अति उपशामुळे तिथला साठा घसरू लागला तेव्हा कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या सल्ल्याने नियम केले गेले. प्रजननाच्या महिन्यांत, डिसेंबर ते फेब्रुवारी, शिंपल्या काढायच्या नाहीत. जाळ्याच्या आसाला किमान माप, म्हणजे कोवळा जीव निसटून जाईल. मच्छीमारांनी ते मानले. २०१४ साली या खाडीच्या शिंपल्यांना ‘मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे टिकाऊ मासेमारीचे प्रमाणपत्र मिळाले, आणि ते मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी ठरली. यात कोणतेही मोठे तंत्रज्ञान नव्हते. तीन महिने हात आवरायचा आणि लहानाला सोडून द्यायचे, एवढेच. मुद्दलाला हात लावायचा नाही हा व्यवहार आपल्या आजोबांना बँकेशिवाय कळत होता.

घरी बसून आपण काय करू शकतो, असा प्रश्न रविवारच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर फार मोठे नाही. नखाएवढ्या शिंपल्या स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत. ते बियाणे आहे. भर पावसाळ्यात, गढूळ पाणी खाडीत उतरत असताना, शिंपल्यांचा हट्ट धरू नये. आणि घेताना कोळणीला एक साधा प्रश्न जरूर विचारावा, “मावशी, कुठल्या खाडीच्या?” आमच्या बाजारातल्या मावशी पहिल्यांदा या प्रश्नावर माझ्याकडे संशयाने पाहत, भावात घासाघीस करण्याची ही नवी युक्ती असावी असे त्यांना वाटले. आता त्या स्वतःहून सांगतात, “काका, आजच्या नका घेऊ, परवा या.” एका गिऱ्हाइकाने विचारले तर ती चौकशी ठरते, शंभर गिऱ्हाइकांनी विचारले तर खाडीच्या स्वच्छतेला बाजारात किंमत येते. आणि ज्याला किंमत आहे त्याचीच आपल्याकडे नोंद होते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

पार्सलीऐवजी कोथिंबीर चालेल का, स्पगेटीऐवजी दुसरा पास्ता चालेल का, असे प्रश्न मला नेहमी विचारले जातात. चालेल, आपल्या घरात आपल्याला कोण अडवणार? कोथिंबीर जरा मोठ्याने बोलते, तेवढे लक्षात घेऊन कमी घालावी. टोमॅटो हवा असेल तर चार-पाच लहान टोमॅटो चिरून घालावेत, नेपल्सचा निम्मा गाव तुमच्या बाजूने उभा राहील. बदलता न येणारी गोष्ट एकच आहे. शिंपला उघडताना जे वाटीभर पाणी निघते ते खाडीचे असते. त्यात खाडीची भरती असते, ओहोटी असते, वरून वाहत आलेल्या नदीचे असते, आणि आपण त्या नदीत जे सोडले तेही असते. ते मोरीत ओतले तर पदार्थ होत नाही. ते पानात घ्यायचे असेल, तर ते पानात घेण्याजोगे राहिले पाहिजे.